घटस्थापनेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत : ठाण्यात नव्याने आलेल्या कुटुंबासाठी

बदलीमुळे किंवा मुलांच्या प्रवेशासाठी जूनमध्ये ठाण्यात आलेलं कुटुंब सप्टेंबरपर्यंत जेमतेम स्थिरावतं. पावसाळा घरातच गेलेला असतो. शहराची ओळख म्हणजे स्टेशन, शाळा, एखादा मॉल आणि घोडबंदर रोडवरची वाहनांची रांग. मग गणपती जातात, पितृपक्ष संपतो आणि सण एकामागोमाग एक दारात उभे राहतात. या दिवसांत मुलांना कुठे न्यायचं, कशाची तयारी आधी करायची, कुठल्या संध्याकाळी कुठे फिरकायचंच नाही, हे इथल्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतं. नव्या माणसाला ते कुणी बसवून सांगत नाही. म्हणून ही ओळीने केलेली मांडणी.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. ठाण्यात घरच्यांसोबत बाहेर पडायचं तर सकाळी लवकर पडा आणि जवळच जा. सहा ते दहा या वेळात हे शहर मोकळं, गार आणि पायी फिरण्याजोगं असतं. तीच माणसं, तीच गाडी आणि तोच रस्ता संध्याकाळी सहाला घेतलात तर अर्धा वेळ सिग्नलवर जातो आणि मुलं किरकिरी होतात. लांबच्या रिसॉर्टचं बुकिंग करण्याआधी घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरात काय आहे ते बघून घ्या. बरंच आहे.

तारखा भिंतीवर लावा

सण तिथीवर चालतात आणि शाळा तारखेवर. २०२३ साली अधिक श्रावण आला होता, त्यामुळे दसरा २४ ऑक्टोबरला गेला. २०२५ साली तो २ ऑक्टोबरलाच होता. गेल्या वर्षीच्या आठवणीवर रजा टाकू नका. भिंतीवरच्या कॅलेंडरवर घटस्थापना, दसरा, कोजागिरी, वसुबारस ते भाऊबीज आणि तुळशीविवाह एवढे दिवस गोल करा. त्यांच्या शेजारी शाळेची सत्र परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी लिहा. परीक्षा बहुतेक वेळा दिवाळीच्या तोंडावर असते, म्हणून फराळ आणि खरेदीचं वेळापत्रक परीक्षेभोवती बसवावं लागतं. हे दोन कागद शेजारी लावले की घरातले निम्मे वाद मिटतात.

दिवाळीत गावी जायचं असेल तर रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. पूर्वी १२० दिवस होते. नोव्हेंबर २०२४ पासून ६० झाले. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात जाणाऱ्या गाड्या पहिल्याच सकाळी भरतात. तिकीट हुकलं तर एसटी आहे. खोपट आणि वंदना ही दोन्ही स्थानकं ठाणे पश्चिमेला आहेत, तिथलं आरक्षणही आधीच करून ठेवा. आणि गावाकडची मंडळी तुमच्याकडे येणार असतील तर त्यांना भाऊबीजेनंतर दोन दिवस जास्तीचे राहायला सांगा. का ते पुढे येईल.

हवा ओळखून घ्या

कोरड्या हवेच्या गावाहून आलेल्यांना इथला ऑक्टोबर चकवतो. पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परततो, पण जाता जाता दुपारी चारनंतर ढग भरून येतात आणि तासभर विजांसह कोसळतो. सकाळ लख्ख, दुपार भाजणारी, संध्याकाळचा भरवसा नाही. गच्चीवरचा कार्यक्रम ठरवताना खालच्या हॉलची चावी कुणाकडे आहे ते विचारून ठेवा. मुलांच्या पाठीवरच्या पिशवीत पाण्याची बाटली आणि पातळ टोपी दोन्ही हवीत.

याच दिवसांत डासांचा त्रास वाढतो. कुंड्यांखालच्या ताटल्या, कूलर, गॅलरीत पडलेले डबे दर रविवारी रिकामे करून कोरडे करा. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो, त्यामुळे शाळेत जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे बरे. ताप दोन दिवसांत उतरला नाही तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा.

रविवारची सकाळ : तलाव, येऊर, फुलपाखरं

सुरुवात तलावांपासून करा, कारण ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात ते उगाच नाही. मासुंदा म्हणजे तलावपाळी स्टेशनपासून चालत गाठता येते. काठावर गडकरी रंगायतन आहे आणि जवळच कोपिनेश्वराचं देऊळ. ठाणं ही शिलाहारांची राजधानी होती, तेव्हाचं नाव श्रीस्थानक. कोपिनेश्वराचं नातं त्याच काळाशी सांगितलं जातं. गाभाऱ्यातली पिंडी इतकी मोठी आहे की लहान मुलं पहिल्यांदा बघून गप्पच होतात. सोमवारी गर्दी असते. रविवारी सकाळी सातला दर्शन, मग तलावाला एक फेरी, मग नाश्ता, असा क्रम ठेवा. मामलेदारची मिसळ खायची असेल तर मुलांसाठी कमी तिखट आधीच सांगा. इथला तिखट रस्सा खरोखर तिखट असतो.

आजी-आजोबा बरोबर असतील तर पाचपाखाडीचा कचराळी तलाव जास्त सोयीचा. महापालिकेच्या मुख्यालयाला लागूनच आहे, चालायचा रस्ता सपाट आहे, बसायला जागा आहे. नव्याने आलेल्या आजोबांना चार दिवस सकाळी तिथे नेऊन सोडा, पाचव्या दिवशी ते स्वतःहून जातील. शहरात रुळायला सगळ्यांत जास्त वेळ घरातल्या म्हाताऱ्या माणसांना लागतो, आणि त्यांना ओळखीचे चेहरे मिळतात ते अशाच ठिकाणी.

येऊरसाठी एक पूर्ण सकाळ राखून ठेवा. उपवन तलाव ओलांडून पुढे गेलं की चढ लागतो आणि वनखात्याचं फाटक येतं. हा डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि त्यात वारली लोकांचे पाडे आहेत. तिथे आपण पाहुणे आहोत, एवढं मुलांना आधी सांगावं. पाऊस संपल्यावर गवत पिवळं व्हायला लागतं, ओढ्यांना अजून पाणी असतं, आणि नोव्हेंबरपासून स्थलांतरित पक्षी दिसू लागतात. नशीब असेल तर कारवी दिसते. आठ वर्षांनी एकदा फुलणारी ही झुडपं या डोंगरात २०१६ आणि २०२४ साली सप्टेंबरच्या आसपास जांभळी झाली होती. इतर वर्षी फुलं नसली तरी तिची खरखरीत पानं मुलांना हात लावून दाखवा, म्हणजे पुढच्या फुलोऱ्याची वाट बघायला कारण मिळेल.

येऊरला पाळायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण पक्क्या. बिबट्याचा वावर आहे, त्यामुळे अंधार पडायच्या आत फाटकाबाहेर यायचं. मुलांना पुढे धावू द्यायचं नाही. डांबरी रस्ता सोडून पायवाटेला लागायचं नाही. खाण्याचे कागद परत आणायचे, कारण कचऱ्यामागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. गाण्याचा स्पीकर घरीच ठेवा. गाडीपेक्षा टीएमटीची, म्हणजे महापालिकेची बस बरी, वर पार्किंगला जागा कमी आहे.

घोडबंदर रोडला राहत असाल तर ओवळा गावातली ओवळेकर वाडी तुमच्या दारातच आहे. मूळची शेतजमीन, तिथे फुलपाखरांना लागणारी झाडं लावून ही बाग उभी केली आहे. ती रविवारी सकाळी उघडी असते आणि पावसाळ्यानंतरचे दोन महिने तिथे जायला सगळ्यांत चांगले. फुलपाखरांना उडायला पंख तापावे लागतात, म्हणून ऊन चढू लागतं ते नऊ ते साडेअकराच गाठा. ढगाळ हवा असेल तर दुसऱ्या रविवारी जा. नीलवंत बघायला विसरू नका. काळ्या मखमली पंखांवर निळसर झाक असलेलं, तळहाताएवढं फुलपाखरू. २०१५ साली ते महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलं. मुलांच्या हातात कॅमेऱ्यापेक्षा छोटी वही द्या. रंग, ठिपके, कुठल्या झाडावर बसलं एवढं लिहिलं की तासभर मूल जागचं हलत नाही.

नवरात्र

सोसायटीत गरबा असेलच. पहिल्या वर्षी नवी माणसं कडेला उभी राहतात. तसं करू नका. घटस्थापनेच्या आधीच्या रविवारी समितीतल्या काका-काकूंना गाठून विचारा की काम काय आहे. प्रसादाचं एक दिवस आपल्याकडे घ्या, मुलांच्या स्पर्धांची यादी करा, खुर्च्या लावा. कामातून झालेली ओळख टिकते. आरतीच्या वेळी येऊन प्रसाद घेऊन गेलेल्याचं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही.

तुमच्या इमारतीत चार मराठी घरं असतील तर भोंडला जरूर करा. गरब्याला मंडप लागतो, ढोल लागतो; भोंडल्याला एक पाट पुरतो. पाटावर तांदळाने किंवा रांगोळीने हत्ती काढायचा, कारण सूर्य हस्त नक्षत्रात जातो तेव्हा हा खेळ सुरू होतो. मुलींनी, आणि आता मुलग्यांनीही, फेर धरायचा, गाणी म्हणायची, आणि शेवटी झाकलेला डबा कानाशी हलवून खिरापत ओळखायची. खिरापत अशी निवडा की आवाजावरून फसगत होईल. भिजवलेल्या डाळीचा आवाज येत नाही, चुरमुऱ्यांचा फसवा येतो, आणि काकडीची कोशिंबीर कुणालाच ओळखता येत नाही. गाणी आजीकडून फोनवर लिहून घ्या. प्रत्येक घरचे शब्द थोडे वेगळे असतात, ते तसेच राहू द्या.

टेंभी नाक्याची दुर्गेश्वरी हे ठाण्याचं मोठं नवरात्र. आनंद दिघे यांनी सुरू केलेला हा उत्सव आज साऱ्या जिल्ह्याचा झाला आहे. दर्शनाला जायचंच, पण वेळ निवडून. मंगळवार, शुक्रवार, अष्टमी आणि शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळा. बुधवार-गुरुवारची सकाळ बरी. देवीच्या आगमनाच्या आणि विसर्जनाच्या दिवशी त्या भागातली वाहतूक वळवलेली असते, त्यामुळे रिक्षावाल्या दादांना टेंभी नाका सांगू नका. स्टेशनला उतरून चालत जा. लहान मुलाच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

दसरा

आदल्या संध्याकाळी जांभळी नाक्याला जा. फुलबाजार तिथेच आहे, आणि आसपासच्या पाड्यांवरून आलेल्या मावश्या रस्त्याच्या कडेला झेंडू, आंब्याचे टाळे आणि भाताच्या लोंब्या घेऊन बसतात. झेंडू आणि आंब्याच्या पानांमध्ये लोंब्या ओवलेलं तोरण ही या भागाची खरी शोभा आहे. इथे भातकापणीचा हंगाम याच सुमारास सुरू होतो आणि शेतातलं पहिलं पीक दाराला लागतं. सकाळी भाव चढतात. रात्री आणलेली फुलं ओल्या पंच्यात सैल गुंडाळून वाऱ्याला ठेवली की ताजी राहतात. फ्रिजमध्ये कोंबू नका, काळी पडतात.

सोनं विकत घेताना पान बघा. आपट्याचं पान जाडसर, लहान आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त असतं. त्याच कुळातल्या कांचनाची पानं मोठी आणि पातळ, ती सर्रास आपटा म्हणून विकली जातात. एका जुडीने घराचं काम भागतं. मोठ्यांना एकेक पान देऊन नमस्कार करायचा, तर पोतंभर फांद्या तोडून काय करायचं? सोसायटीत मिळून एक आपट्याचं रोप लावलंत तर उत्तमच.

पाटीपूजनात मुलांची वह्या-पुस्तकं आणि घरातली कामाची हत्यारं ठेवा. लॅपटॉप, शिलाईयंत्र, पाना-पक्कड, सगळं. त्या संध्याकाळी खालच्या मजल्यापासून वरपर्यंत सोनं द्यायला सगळ्या दारांवर जा. नव्या माणसाला अख्खी इमारत ओळखायला वर्षभरात एवढी चांगली संध्याकाळ दुसरी मिळत नाही.

कोजागिरी

दूधवाल्याला दोन दिवस आधी सांगा, त्या दिवशी दूध कमी पडतं. बदाम, पिस्ते, चारोळी, वेलदोडा, जायफळ, थोडं केशर यांचा मसाला घरी कुटा. गच्चीचं दार उघडण्याची परवानगी सचिवांकडून आधी घ्या, आणि लहान मुलांसाठी कठड्यापाशी एक मोठं माणूस ठरवून उभं करा. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळता मावळता पूर्वेला उगवतो, म्हणजे ठाण्यात खाडीपलीकडच्या पारसिकच्या डोंगरावरून. पूर्वेची बाजू मोकळी असलेली गच्ची बघा. घरातल्या थोरल्या अपत्याला त्या दिवशी ओवाळतात, त्याला आश्विनी करणं म्हणतात. शाळा दुसऱ्या दिवशी असते, तेव्हा मुलांचं दूध साडेनऊला आटपून टाका.

दिवाळी : इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या

तयारी तीन टप्प्यांत केली तर धाप लागत नाही. कोजागिरी झाली की वाळवण आणि दळण. ऑक्टोबरच्या दुपारचं कडक ऊन या एका कामासाठी देवाने दिलेलं आहे. चिवड्याचे पातळ पोहे जुन्या सुती साडीवर पसरून दोन दिवस उन्हात ठेवा, वर जाळी घाला, चार वाजले की उचला, कारण ढग तेव्हाच येतात. असे वाळलेले पोहे मंद आचेवर मिनिटभरात कुरकुरीत होतात आणि चिवडा महिनाभर सादळत नाही. खाडीच्या दमट हवेत ही पायरी टाळली तर चिवडा चौथ्या दिवशी मऊ पडतो.

चकलीची भाजणी गिरणीवर देताना कोरड्या जात्यावर दळून मागा. घरी भाजायची तर तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, धणे आणि जिरं वेगवेगळं भाजा, कारण प्रत्येकाला आच वेगळी लागते. तळताना चकली तेलात विरघळली तर मोहन जास्त झालंय, तेव्हा थोडी कोरडी भाजणी मळून घ्या. दगड झाली तर मोहन कमी पडलंय. तेल तापलंय का ते पिठाची बारीक गोळी टाकून बघा. ती लगेच वर आली पाहिजे, पण काळी पडता कामा नये. दोघंही नोकरी करत असाल तर सगळं घरी करायचा अट्टहास नको. नौपाड्यात आणि महिला बचत गटांकडे घरगुती चवीचा फराळ मिळतो. एक पदार्थ मात्र मुलांच्या हाताने घरी होऊ द्या. शंकरपाळ्या कातायला सहा वर्षांचं मूलही बसतं, आणि वेड्यावाकड्या झाल्या तरी त्याच आधी संपतात.

दुसरा टप्पा खरेदीचा. राम मारुती रोड आणि गोखले रोडवर कपडे, जांभळी नाका आणि स्टेशन परिसरात पणत्या, रांगोळी, कंदील. धनत्रयोदशीच्या आधीच्या शनिवार-रविवारी तिथे चालायला जागा नसते. मधल्या वारी सकाळी अकराला दुकानं उघडतात तेव्हा जा, बारा-साडेबारापर्यंत मोकळे व्हाल. गाडी घरी ठेवा. स्टेशनच्या पश्चिमेला सॅटिसवर, म्हणजे स्टेशनला जोडलेल्या उंच पुलावर, टीएमटीच्या बस लागतात, त्या सोयीच्या. कंदील शक्यतो बांबूच्या कामट्यांचा आणि पतंगी कागदाचा घ्या. बनवायचा असेल तर कामट्या, दोरा, कागद आणि शिजवलेली खळ एवढंच लागतं, आणि एका रविवारच्या दुपारी बाप-लेक मिळून तो होतो. आत दिवा सोडण्याआधी वायरचा जोड चिकटपट्टीने पक्का बांधा.

आता किल्ला. तुमचं मूल ठाण्यात रुजावं असं वाटत असेल तर त्याला सोसायटीतल्या पोरांबरोबर किल्ला करायला सोडा. आधी सचिवांना जागा विचारा. छपराखालची हवी, नाहीतर संध्याकाळचा पाऊस बुरूज वाहून नेतो. बागेतली माती उकरू नका, नर्सरीतून लाल मातीची दोन-तीन पोती आणा. मध्ये विटा आणि दगड रचायचे, त्यावर भिजवलेलं गोणपाट, त्यावर मातीचा चिखल थापायचा. अळीव किंवा मोहरी वसुबारसेच्या पाच-सहा दिवस आधी पेरा, म्हणजे लक्ष्मीपूजनापर्यंत उतारावर हिरवळ धरते. पाणी ओतायचं नाही, हाताने शिंपडायचं. घोटीव रस्ता, पाण्याचं टाकं, महादरवाजा, बालेकिल्ला हे ठरवताना मुलांना खऱ्या किल्ल्याचा नकाशा बघू द्या. सगळ्यांत वर महाराजांची मूर्ती, खाली बाजारातून आणलेले मातीचे मावळे.

किल्ला करताना मुलांना एक गोष्ट जरूर सांगा. ठाण्यालाही स्वतःचा किल्ला आहे आणि आपण रोज त्याच्या जवळून जातो. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला १७३७ साली मराठ्यांनी जिंकला, १७७४ साली इंग्रजांनी घेतला आणि पुढे त्याचं तुरुंगात रूपांतर झालं. आजचं ठाणे मध्यवर्ती कारागृह तेच. पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे याच तुरुंगातून १८१६ साली निसटले. आत जाता येत नाही, पण बाहेरची तटबंदी बघून आलेलं मूल आपला बुरूज निराळ्या अभिमानाने थापतं.

तिसरा टप्पा नरकचतुर्दशीची पहाट. आदल्या दिवशी बाजारात कारीट मिळतं, चिराटंही म्हणतात. हिरवं, लिंबापेक्षा लहान, अतिशय कडू. अभ्यंगस्नानानंतर तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने ते फोडायचं, हा नरकासुराचा वध. उटण्याला नागरमोथा, वाळा, गवला कचोरा, आंबेहळद असलेलं घ्या. लहान बाळाला लावण्याआधी हातावर थोडं लावून बघा. फराळाला पहिल्या दिवशी पोह्यांचे प्रकार करायची कोकणी पद्धत इथे अजून टिकून आहे. दडपे पोहे, दूध-गूळ पोहे आणि दह्याचे पोहे, एवढे तरी करा.

मग दिवाळी पहाट. तलावपाळी आणि राम मारुती रोडवर त्या सकाळी ठाण्यातली तरुण मंडळी नटून-थटून लोटतात. हे बघायलाच हवं, कारण असं शहर एरवी दिसत नाही. पण घरात लहान मूल आणि आजी असतील तर वेळ सांभाळा. साडेसहाला कोपिनेश्वराचं दर्शन घ्या, तलावाची फेरी मारा आणि आठच्या आत तिथून निघा. त्यानंतर गर्दी खांद्याला खांदा लागते आणि ढोल-ध्वनिक्षेपकांचा आवाज बाळांना सोसत नाही. रिक्षा हरिनिवास किंवा तीन पेट्रोल पंपापाशी सोडून पुढे चाला. कॉलेजातल्या मुलांना मोकळं सोडा, फक्त परत कुठे भेटायचं ते एक दुकान ठरवून द्या, कारण फोन त्या गर्दीत लागत नाही.

फराळाची ताटं शेजारी पाठवा, आधी पाठवणारे आपण व्हा. आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, दुसरं काही नसेल तर मूठभर साखर घाला. शेजारचं घर गुजराती, मल्याळी, सिंधी, कुठलंही असो. तुमची चकली त्यांच्याकडे आणि त्यांची मिठाई तुमच्याकडे आली की पुढे वर्षभर एकमेकांकडे मूल ठेवून डॉक्टरकडे जाता येतं. फटाके रात्री दहानंतर नकोत, नियमही तोच आहे. तुळशीपाशी पणत्या लावताना मुलांचे कपडे सुती हवेत आणि पाण्याची बादली हाताशी.

दुपारच्या निवांत वेळेला दिवाळी अंक आणा. मराठीत ही परंपरा १९०९ पासून आहे. सगळे विकत घेणं परवडत नाही, म्हणून वाचनालयाची वर्गणी भरा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली सुरू झालं, आणि या शहरात नव्याने आलेल्या वाचकाने पहिलं सभासदत्व तिथलं घ्यावं असं मला मनापासून वाटतं. बहुतेक वाचनालयं दिवाळी अंकांसाठी वेगळी वर्गणी ठेवतात. मुलांचे अंक आधी उचलले जातात, तेव्हा लवकर जा.

भाऊबीजेनंतरचे दोन दिवस

पाहुण्यांना थांबवून ठेवायला सांगितलं ते यासाठी. शाळेला सुट्टी असते, बाजार ओसरलेला असतो, गाड्या रिकाम्या असतात. एक दिवस अंबरनाथला जा. ठाण्याहून लोकल थेट आहे. वालधुनी नदीकाठचं शिवमंदिर १०६० सालचं, शिलाहारांनीच बांधलेलं. भिंतीवरचं कोरीव काम सकाळच्या तिरप्या उन्हात सगळ्यांत छान दिसतं. श्रीस्थानकाची गोष्ट मुलांना कोपिनेश्वरापाशी सांगितली असेल तर इथे ती जोडून घेता येते. मंदिरात पूजा चालते, गाभारा खाली आहे आणि पायऱ्या उतरून जावं लागतं, तेव्हा आजींचा हात धरा. दुसऱ्या दिवशी टिटवाळ्याचा महागणपती. कल्याणच्या पुढे कसारा मार्गावर. चतुर्थी सोडून कुठलाही दिवस.

तुळशीचं लग्न आणि खाडीवरचे पाहुणे

कार्तिकी एकादशीनंतर पौर्णिमेपर्यंत कुठल्याही संध्याकाळी तुळशीचं लग्न लावता येतं. ऊस, चिंच, आवळा, बोरं एवढी खरेदी. गॅलरीतल्या कुंडीलाही ऊस बांधून मंडप होतो. शेजारच्या मुलांना वऱ्हाडी म्हणून बोलवा, मंगलाष्टकं एखाद्या काकांना म्हणायला सांगा, चुरमुरे-फुटाणे वाटा. लग्न झालं की किल्ल्याची माती सोसायटीच्या बागेत पसरून टाका आणि मावळे पुढच्या वर्षासाठी डब्यात भरून ठेवा.

या सुमारास मुलं फ्लेमिंगो कधी येणार म्हणून विचारू लागतात. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. पहिले थवे नोव्हेंबरच्या सुमारास येतात, पण खरी गर्दी डिसेंबर उलटल्यावर होते आणि मेपर्यंत टिकते. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत घाईने जाऊ नका, मुलं हिरमुसतात. ऐरोलीच्या सागरी व किनारी जैवविविधता केंद्रातून वनखात्याची बोट सुटते. ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने ऐरोली गाठता येतं. बोटीची वेळ भरतीवर ठरते, म्हणून रोज वेगळी असते. आधी आरक्षण करा आणि आरक्षण करतानाच वेळ विचारून घ्या. शनिवार-रविवारच्या जागा लवकर जातात. फिके रंगाचे कपडे, टोपी आणि एक दुर्बीण बरोबर घ्या, आणि बोटीत उंच आवाजात बोलायचं नाही हे मुलांना काठावरच सांगा.